डब्याला दोन भोकं

महाडच्या हवेत पाणी गोठत नाही. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला सोसत नाही, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जानेवारीतली पहाटही एका शालीवर निभते. म्हणून इथल्या नळाच्या कामातल्या माणसाने गोठणाऱ्या नळ्यांविषयी लिहावे, हे कुणाला नवल वाटेल. पण काम आता गावाच्या हद्दीत राहिलेले नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच्या आगेमागे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मालवाहू व्हॅनमध्ये झोपायची जागा, ओटा, सिंक, पंप आणि पाण्याची टाकी बसवून घेणारे लोक दिसू लागले. अशी गाडी काशिद-दिवेआगरला जाते, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते आणि एखाद्या वर्षी मनाली, काझा, लेहकडेही निघते. शिवाय या तालुक्याला उत्तरेतली थंडी अगदीच परकी नाही. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याने पहिल्या महायुद्धापासून सैन्यात माणसे दिली आहेत. ज्या घरातले कुणी लडाखला राहून आले आहे, त्या घरात गोठलेला जेरीकॅन आणि खोली तापवणारी बुखारी हे शब्द ऐकून माहीत असतात. मला मांडायचे आहे ते एवढेच : थंडीपासून गाडीतले पाणी वाचवण्याचा मुख्य उपाय ऊब देणे हा नसून नळी रिकामी करता येणे हा आहे, आणि ते गाडी बांधतानाच ठरते. नंतर कितीही गुंडाळले तरी ती उणीव भरून निघत नाही.

आधी फुटते काय आणि का, ते नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक चुकीचे उपाय चुकीच्या कारणातून निघतात. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढते. सर्वसाधारण समज असा, की बर्फ आतून नळीला ढकलतो आणि जिथे बर्फ झाला तिथेच नळी फाटते. तसे होतेही, पण बरेचदा चीर पडते ती बर्फापासून दूर, जिथे अजून पाणीच असते अशा जागी. नळीत एके ठिकाणी बर्फाचे बूच बसते, ते लांबीने वाढत जाते, आणि त्या बुचाच्या व बंद नळाच्या मध्ये सापडलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. पाणी दाबले जात नाही, म्हणून सगळा दाब नळीच्या सर्वांत कच्च्या जागी येतो. कच्ची जागा म्हणजे सरळ नळी क्वचितच. पितळी एल्बो, पंपाचे प्लास्टिकचे तोंड, फिल्टरची पारदर्शक वाटी, गिझरच्या आतली टाकी, नळाच्या आतला काडतुसासारखा भाग या त्या जागा. जुनी लोखंडी नळी शिवणीवर उकलते, सीपीव्हीसी तडकते, पेक्स जातीची लवचिक नळी थोडी फुगून पुन्हा जागेवर येते, पण तिच्या टोकाचे पितळी जोड फुगत नाहीत. म्हणजे दोष बर्फाइतकाच कोंडमाऱ्याचाही आहे. आपल्याकडच्या रुंद तोंडाच्या हंड्यात पाणी गोठले तर बर्फ वर चढायला मोकळा असतो, म्हणून हंडा वाचतो. काठोकाठ भरून बूच लावलेली बाटली वाचत नाही. नळ किंचित उघडा ठेवला तर नळी वाचण्याची शक्यता वाढते ती याच कारणाने. वाहते पाणी गोठत नाही असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. वाहते पाणीही गोठते, पण उघड्या तोंडातून दाब निघून जातो.

दुसरी गोष्ट आकाराची. गाडीत १०० लिटरची टाकी असते आणि अर्ध्या इंचाची सात-आठ मीटर नळी असते. मालकाला काळजी टाकीची, कारण ती मोठी दिसते. हिशोब उलटा आहे. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत जेमतेम पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते, आणि तेवढ्या पाण्याला थंड हवेकडे तोंड करून असलेला पृष्ठभाग टाकीच्या मानाने लिटरमागे सुमारे वीसपट जास्त असतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून शून्यावर यायला ८४ किलोज्यूल उष्णता गमावते. पण शून्यावर आल्यावर त्याचा पुरता बर्फ होण्यासाठी आणखी ३३४ किलोज्यूल जावी लागते. हा मोठा साठा टाकीला रात्रभर तारून नेतो. नळीत पाणीच इतके थोडे, की तिचा साठा पाहता पाहता संपतो. बाहेर उणे १० अंश असताना उघडी नळी साधारण तीन तासांत पक्की गोठेल, असा माझा हिशोब आहे, तोही वारा नसताना. तिच्यावर अर्धा इंच जाडीचा काळा फोम चढवला तर वेळ आठ तासांपर्यंत लांबतो. हिमालयातली हिवाळी रात्र बारा तासांहून मोठी असते.

या आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे, कारण फोमवरचा विश्वास फार घट्ट आहे. फोम, गोणपाट, थर्माकोल, रेक्झिन यांतले काहीही ऊब तयार करत नाही. आत आहे ती उशिरा जाऊ देते. घोंगडीखाली माणूस गरम राहतो, कारण माणूस स्वतः उष्णता तयार करतो. घोंगडीखाली ठेवलेला दगड सकाळी गारच असतो. नळीतले उभे पाणी त्या दगडासारखे आहे. गाडी दिवसा चालते, नळ्या दिवसभरात सावरतात आणि रात्र सहा तासांचीच कडक असते, अशा ठिकाणी फोमचा उपयोग नक्की आहे. मी तो काढून टाका म्हणत नाही. तो वेळ विकत घेतो. पण जो वेळ विकत घेतला त्यात करायचे काय, याचे उत्तर नसेल तर तो वेळ वाया जातो. त्यातही फोम लावणारा सरळ नळीवर व्यवस्थित लावतो आणि एल्बो, टी, व्हॉल्व्ह उघडे सोडतो, कारण तिथे कापाकापी करावी लागते. दाब येतो नेमका तिथेच.

महाबळेश्वरचा प्रश्न इथेच निकालात काढलेला बरा. दर हिवाळ्यात वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटींच्या धक्क्यावर पांढरे हिमकण दिसतात. त्याच बातमीत किमान तापमान मात्र चार-पाच अंश दिलेले असते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. दोन्ही खरे असते. तापमापक जमिनीपासून वर, सावलीतल्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पत्रा आणि पान आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड होतात. त्यात जड गार हवा उतारावरून ओघळून तलावाच्या खोलगट जागी साठते. दवाचा थर केसाएवढा पातळ असल्याने लगेच गोठतो. पण पोलादपूरहून चाळीसेक किलोमीटर वर चढून गेलेल्या गाडीच्या नळ्या तेवढ्याने फुटणार नाहीत. पहाटेचे दोन-तीन तास पत्रा शून्याखाली जाणे वेगळे आणि नळीतल्या पावणेदोनशे मिलिलिटर पाण्याची सगळी उष्णता निघून जाणे वेगळे. टपावर बाहेर टांगलेली शॉवरची बारीक नळी तेवढी सोडवून आत घ्यावी. महाबळेश्वरच्या हिमकणांची भीती घालून हीटर बसवायला लावणे मला योग्य वाटत नाही. सव्वाचार हजार मीटरवरचे सरचू, साडेतीन हजार मीटरवरचे लेह, स्पितीतले काझा इथली गोष्ट निराळी. सरचूला पर्यटनाच्या हंगामातही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आणि हिवाळ्यात द्रासला तो उणे २० च्याही खाली उतरतो.

आता रिकामे करण्याविषयी. हे ज्ञान आपल्याकडे आहे, फक्त ते दुसऱ्या कामातले म्हणून ओळखू येत नाही. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना झऱ्यावरून किंवा उंचावरच्या टाकीतून पाणी उताराने येते. अशी लाइन टाकणाऱ्याला दोन जागा सोडून चालत नाही : जिथे नळी सर्वांत उंच चढते तिथे एअर व्हॉल्व्ह आणि जिथे सर्वांत खाली उतरते तिथे वॉशआउट. वरच्या जागी हवा कोंडली तर पाणी पुढे सरकत नाही. खालच्या जागी गाळ साठतो आणि तो काढायला तोंड लागते. २२ जुलै २०२१ च्या पुरासारखे पाणी महाड शहरात शिरते तेव्हा बुडालेल्या टाक्या आणि नळ्या धुऊन काढायची वेळ येते, आणि तळाला कॉक असलेली टाकी अर्ध्या तासात गाळ ओकते, नसलेली टाकी आत माणूस उतरवून बादलीने उपसावी लागते. गाडीतल्या नळ्यांना हाच नियम तसाच्या तसा लागू आहे. वाणी तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतो, एक तेल यायला आणि दुसरे हवा जायला. एकच भोक असेल तर तेल गुचक्या देत अडते. गाडीच्या तळाला एक ड्रेन कॉक बसवला आणि ओट्यावरचे नळ बंद ठेवले, तर पाणी तसेच अडून राहते. मालकाला वाटते नळी रिकामी झाली. म्हणून खालचा कॉक उघडताना वरचे सगळे नळ उघडायचे, गरम आणि थंड दोन्ही बाजूंचे, शॉवरचा धरून.

पण नुसता कॉक पुरत नाही, ढाळ लागतो. व्हॅनच्या आत जागा वाचवण्यासाठी नळ्या चाकाच्या उंचवट्यावरून, पेटीच्या मागून, वायरींच्या बरोबरीने वरखाली नेल्या जातात. प्रत्येक उतरणीनंतरच्या चढाला एक पोट तयार होते आणि त्या पोटात पाणी राहते. गच्चीवरच्या कामात आपण पन्हळीला ढाळ देतो, न्हाणीघराच्या फरशीला देतो. नळी दाबाखाली असते म्हणून तिला ढाळ नको, असा एक समज कारागिरांतही आहे. पाणी पोहोचवण्यापुरता तो बरोबर आहे. पाणी काढण्याच्या दृष्टीने तो चूक आहे. मीटरमागे एक सेंटिमीटर ढाळ ड्रेन कॉककडे दिला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना पाणी काढायची सोय ठेवली आणि दर हातभर अंतरावर नळी क्लिपने धरली, म्हणजे ती मध्ये लोंबत नाही, तर आठ मीटरची लाइन दोन-तीन मिनिटांत रिकामी होते. उरते ते पंपात आणि फिल्टरमध्ये. पंप कोरडा काही सेकंद चालवायचा, फिल्टरची वाटी फिरवून काढायची, पिण्याच्या पाण्याची मेम्ब्रेन ओलीच घरात आणून ठेवायची, कारण ती एकदा गोठली की वरून धड दिसली तरी भरवशाची राहत नाही. काहीजण कॉम्प्रेसरने हवा मारतात. त्याला हरकत नाही, पण टायरचा दाब वेगळा आणि नळाचा वेगळा. दोन बारच्या वर गेलात तर जे बर्फाने फुटले असते ते हवेनेच फुटेल. शिवाय हवा मोठ्या वाटेने निघून जाते आणि पोटातले पाणी जागच्या जागी राहते, त्यामुळे ढाळाची उणीव हवेने भरून निघत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याच्या किमतीचा आहे, आणि तो आपल्या भागातल्या माणसाकडून येतो यात आश्चर्य नाही. ज्या पोलादपूरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते, तिथला माणूस रोज संध्याकाळी पाणी सोडून द्या म्हटले तर दुखावणारच. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते आणि तिच्या काठची गावे पावसाळ्यात बुडतात, उन्हाळ्यात तहानतात. या भागात पाणी टाकून देण्याचा सल्ला सहज देता येत नाही. लडाखमध्ये तर हिवाळ्यात नळ बंद होतात आणि टँकर किंवा हातपंपावर दिवस काढावे लागतात; तिथे भरलेले पाणी फेकणे सरळ अपराधासारखे आहे. पण रिकामी करायची आहे ती नळी, टाकी नव्हे. आठ मीटर नळीत दीड लिटरही पाणी नसते. ते बादलीत घ्या, गिझरचे सहा-दहा लिटर दुसऱ्या बादलीत घ्या, सकाळी भांड्यांना वापरा. टाकी आतल्या बाजूला, पलंगाखाली असेल, चार-पंचमांश भरलेली असेल, तर ती तिच्या साठ्यावर रात्र काढते. चॅसिसखाली लटकवलेली टाकी मात्र थंड प्रदेशात जाणाऱ्या गाडीला नकोच. आत जागा जाते ही तक्रार खरी आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही, जागा जाते.

दुसरा आक्षेप असा, की लोक गाडीत राहतात, रात्री पाणी लागते, मग नळ्या रिकाम्या करून कसे भागेल? तांब्या-बादलीने भागते. वीस लिटरचा एक कॅन झोपायच्या जागेजवळ ठेवला की रात्रीचे पाणी झाले. ज्यांना नळच हवा त्यांच्यासाठी हीटिंग केबल आहे. पण तिचा खर्च बघा. मीटरमागे दहा वॅट धरले, सहा मीटर केबल, बारा तास, तर ७२० वॅट-तास झाले, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६० अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून साधारण निम्मेच काढावे असे म्हणतात, आणि थंडीत ती त्याहूनही कमी देते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, तेव्हा सकाळी सूर्य आला तरी आधी तिलाच ऊब द्यावी लागते. एवढे सांभाळायची तयारी असेल तर केबल चांगली आहे. पण ती बंद पडलेल्या रात्री नळी वाचवायला पुन्हा ड्रेन कॉकच लागतो. गाडीच्या आतली हवा गरम ठेवणारा डिझेल हीटर याहून बरा, आणि तो असेल तर सिंकखालच्या कपाटाची दारे रात्री उघडी ठेवावीत, नाहीतर ऊब माणसाला मिळते, नळीला नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : पाणी वाचवण्यासाठी बंद गाडीत गॅसची किंवा कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. नळी शंभर वेळा बदलता येते.

तिसरा आक्षेप कूलंटचा. इंजिनाच्या रेडिएटरमध्ये घालतो तेच पाण्यात घालू, असे मेकॅनिक सहज म्हणतो. रेडिएटरच्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते; ते चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे असते. पिण्याच्या नळ्यांत त्याचा थेंब जाता कामा नये. परदेशात कॅम्परच्या नळ्यांसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे द्रव वापरतात, ते त्या मानाने निरुपद्रवी आहे, पण नळ पुन्हा वापरण्याआधी लाइन पुरती धुवावी लागते, आणि ते भरण्यासाठीही आधीचे पाणी काढावेच लागते. नाहीतर ते पातळ होऊन निकामी होते. मीठ घालणे हा घरगुती तोडगा. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ म्हणजे समुद्राइतके खारट पाणी, आणि ते गोठायला उणे दोन अंशही पुरतात. पितळ आणि पंप मात्र गंजायला लागतात. सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, जिथले पाणी वास अडवण्यासाठी ठेवावेच लागते, तिथे मूठभर मीठ चालेल, कारण तो प्लास्टिकचा आहे आणि त्यातले पाणी कुणी पीत नाही.

उरला आक्षेप खर्चाचा आणि उपयोगाचा : वर्षातून एकदाच लेहला जाणाऱ्या, किंवा कदाचित कधीच न जाणाऱ्या गाडीला हे सगळे कशाला? थंडीसाठी नको असेल तर कोकणासाठी हवे. चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्यांत दमट हवेत पाणी राहिले की आत बुळबुळीत थर धरतो, वास येतो, आणि पावसाळा संपल्यावर पहिला चहा प्लास्टिकच्या चवीचा होतो. तळाला कॉक असलेली लाइन जूनमध्ये रिकामी करून नळ उघडे ठेवून उभी करता येते. ढाळ देताना जास्तीचे साहित्य लागत नाही, फक्त नळी कापण्याआधी अर्धा तास मोजणी लागते. दोन बॉल व्हॉल्व्ह आणि एक टी एवढाच वाढीव खर्च. त्यातही माझा आग्रह कॉकच्या जागेवर असतो. गाडीखाली, चाकामागे, चिखल-दगड बसतील तिथे तो असेल, तर उणे दहा अंशांत, अंधारात, जमिनीवर आडवे होऊन तो कुणी उघडणार नाही. तो दाराच्या पायरीपाशी, आतल्या बाजूने, हातमोजा घातलेल्या मुठीत येईल अशा लांब दांड्याचा हवा, आणि दांडा नळीला आडवा असला की बंद, नळीच्या रेषेत आला की उघडा, हे टॉर्चशिवाय बोटांना कळले पाहिजे.